क्वांटम डॉट: रंग आकारावर, उजेड सांध्यावर

भाट्ये_किनारा, रत्नागिरी

२०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळालं आणि क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचे काही नॅनोमीटरचे स्फटिककण, अभ्यासक्रमात, व्याख्यानांत, विज्ञान प्रदर्शनांत सगळीकडे आले. चांगलंच झालं. पण जावं तिथे एकच चित्र: ओळीने मांडलेल्या कुप्या, निळ्यापासून लालपर्यंत, आणि खाली एक वाक्य, कण लहान तर निळा, मोठा तर लाल. मुलं तेवढंच घोकतात. मी इथे एम.एस्सी.च्या वर्गाला शिकवतो आणि विषय इतक्यावर थांबवणं मला पटत नाही. कॅडमियम सेलेनाइडचा २ नॅनोमीटरचा कण निळसर हिरवा आणि ६ नॅनोमीटरचा लाल, हे आकाराचं काम. पण कणाने घेतलेला प्रकाश परत मिळणार की त्याची उष्णता होऊन जाणार, हे ठरतं त्याच्या कडेला. या क्षेत्रातली खरी झटापट गेली तीस वर्षं त्या कडेशीच चालली आहे.

आमच्या एका विद्यार्थिनीने उन्हाळी प्रकल्पातले फोटो आणि आलेख पाठवले, ते वर्गात दाखवले. टोल्युइनमध्ये विरघळवलेले कॅडमियम सेलेनाइडचे नुसते कण, वर कवच नाही. शुद्धीकरणासाठी त्यात मिथेनॉल घालायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, खाली बसलेला लगदा पुन्हा टोल्युइनमध्ये घ्यायचा. पहिल्या धुण्यानंतर अतिनील दिव्याखाली कुपी छान नारिंगी दिसते. पुढच्या धुण्यात फिकी. आणखी एकदा धुतली की दिवा लावलाय की नाही असं वाटावं इतकी मंद. गंमत अशी की शोषणाचं शिखर तिन्ही आलेखांत त्याच जागी! म्हणजे कणांचा आकार तोच, रंग ठरवणारी ऊर्जा तीच, आणि उजेड गेला. धुताना गेलं ते फक्त पृष्ठभागावर चिकटलेलं लिगँडांचं, म्हणजे कणाला धरून बसणाऱ्या रेणूंचं, अस्तर.

पृष्ठभागाला एवढं महत्त्व का, हे साध्या गणिताने कळतं. ३ नॅनोमीटर व्यासाचा गोल घ्या आणि सगळ्यात बाहेरचा अणूंचा थर ०.३ नॅनोमीटर जाडीचा धरा. आतला गोल उरतो २.४ चा. ०.८ चा घन ०.५१२. म्हणजे जवळजवळ निम्मे अणू पृष्ठभागावर! ६ नॅनोमीटरच्या कणात हेच प्रमाण २७ टक्के. एक मिलिमीटरच्या खड्यात दहा लाखांत दोनेक. खड्याच्या बाबतीत पृष्ठभाग विसरला तरी चालतं, नॅनोकणाच्या बाबतीत तो विसरलात तर अर्धा पदार्थच विसरलात.

आतल्या प्रत्येक अणूला चार शेजारी असतात. कडेच्या अणूचे एक-दोन बंध मोकळे राहतात. अशा सुट्या बंधांमुळे बँड गॅपच्या, म्हणजे एरवी इलेक्ट्रॉनला जागाच नसलेल्या ऊर्जेच्या पट्ट्याच्या, मधोमध ऊर्जापातळ्या तयार होतात, त्यांना आपण सापळे म्हणतो. प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन वर जातो, खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, राहतं. दोघं परत भेटून प्रकाश द्यायला कॅडमियम सेलेनाइडमध्ये साधारण २० नॅनोसेकंद लागतात. सापळा त्याच्या कितीतरी आधी इलेक्ट्रॉनला किंवा होलला गाठतो, आणि मग ऊर्जा स्फटिकातल्या अणूंच्या जाळ्याच्या कंपनांत, म्हणजे उष्णतेत जाते.

उपाय म्हणून दुसऱ्या अर्धवाहकाचं कवच चढवतात. १९९६ मध्ये हाइन्स आणि ग्यो-सिओनेस्ट यांनी कॅडमियम सेलेनाइडवर झिंक सल्फाइड चढवलं आणि खोलीच्या तापमानाला ५० टक्के क्वांटम यील्ड मिळवलं. म्हणजे १०० फोटॉन शोषले तर ५० परत. नुसत्या कणांचं तोवर १० टक्क्यांच्या आसपास असे. झिंक सल्फाइडचा बँड गॅप मोठा, सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, गाभ्याचा, म्हणजे आतल्या कॅडमियम सेलेनाइडचा, १.७४, कण लहान असल्याने त्याहून थोडा जास्त. त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि होल दोघंही आत कोंडले जातात आणि बाहेरच्या सुट्या बंधांपर्यंत पोचत नाहीत.

पण कवच चढवलं म्हणजे आणखी एक सांधा निर्माण झाला, गाभा आणि कवच यांच्यामधला. तिथे नवी अडचण उभी राहते. दोन्ही स्फटिकांच्या जाळ्याचं माप वेगळं: कॅडमियम सेलेनाइडचं ६.०५ अँगस्ट्रॉम, झिंक सल्फाइडचं ५.४१. फरक जवळपास ११ टक्के. आपल्याकडे ज्यांनी घर शाकारताना वर चढून पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. रिपा एका मापाने ठोकलेल्या आणि कौलं दुसऱ्या, आखूड मापाची आणली, तर पहिली एक-दोन ओळ ओढूनताणून बसते. पुढे प्रत्येक ओळीला फरक साठत जातो, आणि आठ-नऊ ओळी झाल्या की कौलाचा दात रिपेवर येतच नाही, एक ओळ जास्तीची घुसवावी लागते. अणूंच्या बाबतीत अशी घुसलेली ओळ म्हणजे विस्थापन, आणि ते विस्थापन म्हणजे पुन्हा सापळा. म्हणून झिंक सल्फाइडचे एक-दोन थर चढेपर्यंत उजेड वाढतो, त्यापुढे चढवत गेलं तर घसरायला लागतो. ज्या सांध्याने तारलं तोच जाड झाल्यावर बुडवतो.

कॅडमियम सल्फाइडचं माप ५.८२, फरक ४ टक्क्यांच्या आत. ते जास्त जाड चढतं. म्हणून लोक मध्ये कॅडमियम सल्फाइड किंवा झिंक सेलेनाइड घालून बाहेर झिंक सल्फाइड चढवतात, म्हणजे ताण टप्प्याटप्प्याने वाटला जातो.

ज्यांनी यात काम केलंय त्यांनी भर घालावी. शंका असतील त्याही विचारा.

मालवणी_सुरमई

सर, माका एक इचारूचा होता. हिवाळ्यात आमच्याकडे कधीकधी रातीच्यो लाटो निळ्यो चमाकतत, ता ह्याच काय? आणि घरात क्यूएलईडी टीव्ही घेतलो हा. खाऱ्या वाऱ्यान त्यातले कण खराब होतले काय?

भाट्ये_किनारा

दादा, लाटांची चमक वेगळी. ती नॉक्टिल्युकासारख्या सूक्ष्म जीवांची. ल्युसिफेरिन आणि ल्युसिफेरेज यांची रासायनिक क्रिया होऊन ती ऊर्जा थेट प्रकाशात येते, बाहेरून प्रकाश द्यावा लागत नाही. क्वांटम डॉटला आधी प्रकाश किंवा वीज द्यावी लागते.

टीव्हीचा प्रश्न मात्र नेमका या धाग्याचा आहे. दुकानात क्यूएलईडी म्हणून मिळतात त्या बहुतेक टीव्हींत मागे सुमारे ४५० नॅनोमीटरचे निळे एलईडी असतात आणि त्यांच्या पुढे डॉट मिसळलेली फिल्म. डॉट त्यातला काही निळा प्रकाश घेऊन हिरवा आणि लाल देतात. ही फिल्म दोन संरक्षक पापुद्र्यांच्या मध्ये बंद केलेली असते, कारण प्रकाशात ऑक्सिजन आणि दमट हवा कणाच्या पृष्ठभागापर्यंत पोचली तर पृष्ठभाग ऑक्सिडाइज होतो, लिगँड सुटतात आणि उजेड जातो. पापुद्रे वरून-खालून अडवतात. जिथे फिल्म कापलेली असते त्या कडेने मात्र दमटपणा आत सरकू शकतो, आणि उत्पादक त्या कडेचीच जास्त काळजी घेतात. खाऱ्या वाऱ्याची खरी झळ आधी सर्किट बोर्डाच्या धातूच्या टोकांना बसते. टीव्ही खिडकीसमोर ठेवू नका आणि पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवा, म्हणजे आत दमटपणा धरत नाही.

लोटे_रसायन, खेड

मी रेझिन आणि कोटिंगच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे मला धुण्याचा भाग जास्त भावला. रंगद्रव्य रेझिनमध्ये पसरवताना आम्हीही पृष्ठभागावर चिकटणारे रेणू वापरतो आणि चुकीचं सॉल्व्हंट पडलं की सगळा माल गुठळी होऊन बसतो. इथे लिगँड म्हणजे ओलेइक ॲसिड, ओलिल अमीन हीच मंडळी ना? ती धुताना सुटतात तर मग घट्ट चिकटणारं काही का वापरत नाहीत? थायॉल, म्हणजे गंधकाचं टोक असलेला रेणू, तर धातूला पक्का धरतो.

अणुरेणू, पुणे

लोटेदादा, प्रश्न अगदी मुळावर आहे. याच विषयात पीएचडी करतेय म्हणून सविस्तर लिहिते.

लिगँड धुताना सुटतात ते एकटे सुटत नाहीत. मिथेनॉलसारखं सॉल्व्हंट प्रोटॉन देऊन ओलिएटला ओलेइक ॲसिड करून काढून टाकतं, किंवा कॅडमियमचा एक अणू दोन ओलिएट बरोबर घेऊन अख्खाच निघून जातो. मग मागे राहतो उघडा सेलेनियम. कॅडमियम उघडा पडण्यापेक्षा सेलेनियम उघडा पडणं जास्त महागात जातं, कारण सेलेनियमचे सुटे इलेक्ट्रॉन होलला धरून ठेवतात. म्हणून काही वेळा धुतलेल्या कणांत कॅडमियम ओलिएट परत मिसळलं की उजेड बऱ्यापैकी परतही येतो.

थायॉल घट्ट धरतो हे खरं, पण घट्ट धरणं आणि उजेड राखणं या दोन वेगळ्या गोष्टी. थायॉल लावल्यावर कॅडमियम सेलेनाइड विझतं आणि कॅडमियम टेल्युराइड उलट उजळतं! रेणू एकच, परिणाम विरुद्ध. कारण ऊर्जापातळ्यांची जागा. कॅडमियम सेलेनाइडचा व्हॅलन्स बँड, म्हणजे होल जिथे राहतं त्या पातळ्या, इतका खाली असतो की त्यातलं होल सरळ थायॉलच्या पातळीवर उडी मारतं. टेल्युराइडचा व्हॅलन्स बँड वर असतो, तिथून थायॉलकडे जाणं होलला परवडत नाही, मग थायॉल फक्त सुटे बंध बुजवायचं चांगलं काम करतो. आपल्याकडे पुणे विद्यापीठात प्रा. सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने थायॉल लावलेल्या कॅडमियम सल्फाइड आणि झिंक सल्फाइडच्या कणांवर २००० च्या आसपास बरंच काम केलंय, तेव्हा हा विषय आपल्याकडे नवा नाही.

भाट्येसर, तुमच्या एका गोष्टीत मात्र भर घालावीशी वाटते. तुम्ही सांध्याकडे फक्त दोष असलेली जागा म्हणून पाहिलंत. समजा एकही दोष नाही, जाळं अगदी जुळलेलं आहे, तरीही सांध्याचा आकार उजेडावर परिणाम करतो. सांधा एकदम तुटक आहे की हळूहळू बदलत जाणारा, याने फरक पडतो.

भाट्ये_किनारा

> सांधा एकदम तुटक आहे की हळूहळू बदलत जाणारा, याने फरक पडतो.

अणुरेणू, हे सविस्तर लिहाच. माझ्या विद्यार्थ्यांना ऑजे प्रक्रियेचं सूत्र येतं, पण सांध्याशी त्याचा संबंध कुठे लागतो तो भाग त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

अणुरेणू, पुणे

लिहिते.

१९९६ मध्ये एकेकट्या क्वांटम डॉटकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर लक्षात आलं की सतत प्रकाश पाडूनही कण लुकलुकतो. सेकंदभर उजळ, मग काही सेकंद काळा, मग पुन्हा उजळ. प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा हे पडद्यावर पाहिलं तेव्हा कॅमेऱ्यातच बिघाड असेल असं वाटावं इतकं ते अनियमित होतं. प्रचलित खुलासा असा: कधीतरी एक इलेक्ट्रॉन किंवा होल कणाबाहेर निसटतं आणि कण विद्युतभारित होतो. आता आत एक जास्तीचा सोबती आहे. पुढची इलेक्ट्रॉन-होल जोडी जुळताना ऊर्जा प्रकाशात न देता त्या तिसऱ्याला देते. हीच ऑजे प्रक्रिया. ती काही शे पिकोसेकंदांत किंवा त्याहूनही लवकर उरकते, आणि प्रकाशाला २० नॅनोसेकंद लागतात. मग प्रकाशाला संधीच राहत नाही.

आता सांधा. तिसऱ्या सोबत्याला एकदम इतकी ऊर्जा मिळते तेव्हा त्याचा संवेगही खूप वाढावा लागतो. तो आणायचा कुठून? मोठ्या स्फटिकात संवेग जपावा लागतो, म्हणून तिथे ही प्रक्रिया मंद असते. नॅनोकणात तरंगफल, म्हणजे इलेक्ट्रॉन किंवा होल कुठे किती सापडेल हे सांगणारं फलन, कवचाच्या भिंतीवर आदळून एकदम वळतं. जितकं वळण तीव्र, तितके त्यात मोठ्या संवेगाचे घटक जास्त, आणि तितकी ऑजे सोपी. २०१० मध्ये क्रॅग आणि एफ्रोस यांनी गणिताने दाखवलं की भिंत एकदम उभी न ठेवता उतरती केली तर ऑजेचा वेग कित्येक पटींनी घटतो. पुढे लॉस अलामोसच्या गटाने गाभा आणि कवच यांच्यामध्ये मुद्दाम मिश्रधातूसारखा थर घालून तो परिणाम प्रयोगातही दाखवला. आधी गाभ्याभोवती कॅडमियम सेलेनाइड-सल्फाइडचं मिश्रण, मग शुद्ध कॅडमियम सल्फाइड.

त्याच्याआधी २००८ मध्ये जाड कवचाचे कण आले होते, कॅडमियम सल्फाइडचे १९ थरांपर्यंत. ते फारसे लुकलुकत नव्हते. सगळ्यांनी श्रेय जाडीला दिलं. माझं प्रामाणिक मत असं की त्यातलं बरंचसं श्रेय त्या लांबलचक वाढीत, तापमानामुळे सांधा आपोआप मिसळत गेला, त्याला द्यायला हवं.

दाभोळखाडी

सगळं लुकलुकणं ऑजेमुळेच का? मी वाचलं होतं की काही कण काळे असतानाही त्यांचा आयुर्काल, म्हणजे प्रकाश देईपर्यंत लागणारा सरासरी वेळ, कमी झालेला दिसत नाही. ऑजे असेल तर तो घटायला हवा.

अणुरेणू, पुणे

बरोबर पकडलंत. २०११ मध्ये दोन प्रकार वेगळे काढले गेले. पहिल्यात कण भारित होतो, तेजही घटतं आणि आयुर्कालही. दुसऱ्यात नुसतं तेज घटतं, आयुर्काल जवळपास तसाच. दुसऱ्या प्रकारात इलेक्ट्रॉन वर चढल्यावर खाली स्थिरावण्याआधीच, तापलेला असतानाच, पृष्ठभागावरच्या सापळ्यात जातो. म्हणजे पहिल्याला आतला सांधा सुधारावा लागतो, दुसऱ्याला बाहेरचा. दोन्ही एकाच कणात असू शकतात.

भाट्ये_किनारा

फार उत्तम लिहिलंत. हे आता वर्गात वापरतो.

यात मला एक जोडायचंय, कारण मला स्वतःला ही गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते. कधीकधी प्रकाश सांध्यावरच जन्मतो. कॅडमियम टेल्युराइडचा गाभा आणि कॅडमियम सेलेनाइडचं कवच घेतलं तर होल गाभ्यात बसतं आणि इलेक्ट्रॉन कवचात. दोघं भेटतात ते सांध्याच्या आरपार. त्यामुळे येणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा दोन्ही पदार्थांच्या बँड गॅपपेक्षा कमी असू शकते! २००३ मध्ये बावेंडींच्या गटाने असे कण करून अवरक्तापर्यंत उत्सर्जन नेलं. दोघं दूर असल्याने भेटायला वेळही जास्त लागतो, म्हणजे आयुर्काल वाढतो. इथे सांधा बिघडला तर प्रकाशाचं उगमस्थानच बिघडतं.

दाभोळखाडी

कॅडमियमचं काय? युरोपात त्याच्यावर मर्यादा आहे ना. मग हे सगळं ज्ञान उद्या निरुपयोगी नाही होणार?

अणुरेणू, पुणे

युरोपच्या नियमात कॅडमियमची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के आहे. म्हणून बाजारातले बरेच डॉट आता इंडियम फॉस्फाइडचे असतात. पण ज्ञान वाया जात नाही, उलट तिथे सांध्याची अडचण जास्त मोठी आहे. इंडियम फॉस्फाइडचा पृष्ठभाग बनता बनताच ऑक्सिडाइज होतो. त्यावर तसंच कवच चढवलं तर सांध्यात ऑक्साइडचा थर अडकून राहतो आणि बाहेरून कितीही जाड केलं तरी आतला दोष जात नाही. शिवाय झिंक सल्फाइडशी मापाचा फरक जवळपास ८ टक्के. २०१९ मध्ये सॅमसंगच्या संशोधकांनी गाभ्यावरचा ऑक्साइड हायड्रोफ्लोरिक ॲसिडने खरवडून काढला, मध्ये झिंक सेलेनाइड आणि बाहेर झिंक सल्फाइड चढवलं, आणि क्वांटम यील्ड जवळजवळ १०० टक्क्यांवर नेलं. त्यांच्या एलईडीची बाह्य कार्यक्षमता, म्हणजे आत सोडलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर आलेले फोटॉन, २१.४ टक्के होती. गाभा तोच जुना, सांधा स्वच्छ केला एवढंच.

लोटे_रसायन, खेड

यील्ड १०० टक्के आणि एलईडी २१ टक्के, मधले गेले कुठे?

अणुरेणू, पुणे

बहुतेक काचेत आणि थरांतच अडकतात. सपाट थरातून प्रकाशाचा सुमारे पाचवा भागच समोर बाहेर पडतो, म्हणून २१ म्हणजे त्या रचनेत जवळजवळ सगळं मिळालं असं समजा. शिवाय एलईडीत तिसरा सांधा असतो, डॉटचा थर आणि त्याला खेटलेला झिंक ऑक्साइडचा थर यांच्यामधला. तिथून इलेक्ट्रॉन होलपेक्षा जास्त वेगाने आत आले तर डॉट भारित होतात आणि वर लिहिलेली ऑजे पुन्हा सुरू. आणि डॉट एकमेकांना चिकटून बसले की एकाची ऊर्जा काही नॅनोमीटरवरच्या शेजाऱ्याकडे जाते. शंभरांत एखादा जरी सदोष असला तरी आजूबाजूच्यांचा उजेडही तो गिळतो. म्हणून कुपीतला आकडा आणि फिल्ममधला आकडा कधी एक येत नाही.

शाळेतली_बाई, गुहागर

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. धागा पूर्ण वाचला, जाळ्याच्या मापाचा भाग कौलांमुळे चटकन समजला. तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या नववीच्या मुलींना "प्रकाश देणारे पदार्थ आणि त्यांचा परिसर" असं काही मांडायचंय. शाळेत करण्यासारखं काही आहे का? क्वांटम डॉट विकत घ्यावेत का?

भाट्ये_किनारा

बाई, कॅडमियमचे डॉट शाळेत अजिबात आणू नका. विषारी आहेत, आणि उरलेलं टाकायचं कुठे हाही प्रश्न राहतो.

त्याऐवजी हळद घ्या. हळदीतलं कर्क्युमिन अतिनील दिव्याखाली हिरवट पिवळं चमकतं. चमचाभर हळद सर्जिकल स्पिरिटमध्ये हलवून गाळून घ्या. दोन काचेच्या नळ्या भरा. एका नळीत आणखी थोडं स्पिरिट, दुसरीत तेवढंच पाणी. अंधारात दिवा धरला की पाण्याची नळी स्पष्ट मंद दिसते. रेणू तोच, भोवतीचं बदललं आणि उजेड बदलला. मुलींना हे मात्र सांगा की हा स्फटिक नव्हे, सुटा रेणू आहे, आणि इथे सापळे नाहीत. पाण्यात रेणूकडची ऊर्जा दुसऱ्या वाटांनी लवकर निघून जाते, शिवाय कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळतही नाही. शेजारी तक्त्यावर क्वांटम डॉटचं वरचं गणित मांडा, ३ नॅनोमीटरला निम्मे अणू पृष्ठभागावर हे नववीच्या मुली स्वतः करू शकतील.

शाळेतली_बाई, गुहागर

छान आहे. दिवा कोणता घ्यावा? आणि स्पिरिट मुलींच्या हातात द्यायचं का?

भाट्ये_किनारा

नोटा तपासायचा ३९५ नॅनोमीटरचा टॉर्च मिळतो तो चालेल. थेट डोळ्यांवर मारू नये, टॉर्च बाजूने धरून नळीकडे पाहायचं. स्पिरिट तुम्ही स्वतः ओता, जवळ काडेपेटी किंवा समई नको. प्रदर्शनात उद्घाटनाची समई जवळच असते म्हणून मुद्दाम लिहितो. नळ्यांना बूच लावून ठेवा. आणि पाणी थेंबाथेंबाने घाला. एकदम ओतलं तर कर्क्युमिन गढूळ होऊन वेगळं पडतं, आणि मग उजेड कमी झाला तो पाण्यामुळे की हळद खाली बसल्यामुळे, हे मुलींना सांगता येणार नाही.